सिस्टर, गोळी चहात घालू का?

या वेळी मनोविकाराच्या वॉर्डातल्या नर्सिंगबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली, सगळी घेता येणार नाहीत म्हणून चार निवडलीत. मी २६ वर्षं याच कामात आहे, आधी सरकारी मनोरुग्णालयात आणि नंतर जनरल हॉस्पिटलच्या सायकियाट्री वॉर्डात, त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि वॉर्डातलं जास्त सांगेन.

प्रश्न : माझ्या धाकट्या दिराला स्किझोफ्रेनिया आहे, वय ३१. गोळ्या घ्यायला नाही म्हणतो म्हणून सासूबाई दोन वर्षं गोळी कुटून चहात घालत होत्या. मागच्या महिन्यात त्याला कपाच्या तळाशी पांढरं दिसलं. तेव्हापासून घरचं काही खात नाही, बाहेरून वडापाव आणतो. गोळी पण बंद झालीय. आता दुसऱ्या कशात घालून देऊ का? – एक वहिनी, कल्याण

वहिनी, दुसऱ्या कशातच घालू नका. सासूबाईंवर चिडू पण नका, पोटच्या पोरासाठी आई हे करते आणि महाराष्ट्रात किती घरांत हे चालतं ते मला माहितीय. पण दिरांच्या बाजूने बघा ना, या आजारात ज्याला आधीच वाटत असतं की आपल्या खाण्यात कोणीतरी काहीतरी मिसळतंय त्याला कपात खरोखरच काहीतरी मिसळलेलं सापडलं, आता त्याने विश्वास ठेवायचा कसा?

पहिलं काम म्हणजे खरं सांगायचं. घरात त्यांचं ज्याच्याशी सगळ्यात जास्त जमतं त्याने, बहुतेक तुम्हीच, शांतपणे सांगा, 'भाऊजी, चहात गोळी घालत होतो, चुकलं आमचं, परत नाही घालणार.' फार स्पष्टीकरण देत बसू नका. आणि मग खाणं असं ठेवा की त्यात कोणाला काही घालताच येणार नाही. वॉर्डात संशय घेणारा पेशंट जेवत नसला की आम्ही हेच करतो, सालासकट केळं, न सोललेलं उकडलेलं अंडं, बिस्किटाचा बंद पुडा, तो त्याने स्वतः फोडायचा. चहा त्यांचा त्यांना करू द्या. 'अरे मी पण हेच खातेय' असं म्हणत त्यांच्या ताटातलं उचलून खाऊन दाखवू नका, त्याने संशय वाढतो असा माझा अनुभव आहे.

दुसरं म्हणजे गोळी का नको ते विचारा, आणि विचारल्यावर गप्प बसा. आमच्याकडे एक मुलगा होता, गोळी दिली की पाणी प्यायचा, तोंड उघडून दाखवायचा, सगळं व्यवस्थित. आम्ही जीभ वर करायला लावतो, गालाच्या आत बघतो, तरी त्याने फसवलं. एकदा चादरी बदलताना मावशींना त्याच्या उशीच्या अभ्र्यात आठ गोळ्या सापडल्या, अर्धवट विरघळून वाळलेल्या. मी त्याला रागावले नाही, शेजारी बसून नुसतं विचारलं की ह्या गोळीने काय होतं रे तुला. म्हणाला, 'सिस्टर, रात्रभर पाय थांबत नाहीत, बसलो तर उठावंसं वाटतं, उठलो तर बसावंसं वाटतं.' आम्ही सगळे समजत होतो की हा आजारामुळे येरझाऱ्या घालतोय आणि तो गोळीचा त्रास होता, त्याला अकॅथिसिया म्हणतात. डॉक्टरांना सांगितलं, औषध बदललं, नंतर तो स्वतःहून गोळ्यांच्या ट्रॉलीपाशी यायला लागला. वजन वाढणं, दिवसभर झापड, लाळ गळणं ही पण कारणं असतात, आणि पुरुषांना लैंगिक त्रास होतो तो ते आईसमोर आयुष्यात बोलणार नाहीत. म्हणून ओपीडीत गेलात की सिस्टर किंवा ब्रदरशी त्यांना पाच मिनिटं एकटं बोलू द्या.

ते यायला तयार नसतील तरी तुम्ही याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि गोळी बंद झाल्याचं सांगा. दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं असतात, रोजची कटकट नको म्हणून काहीजण ती आनंदाने घेतात, पण ते सुद्धा त्यांना सांगून, विचारून. आणि एक नक्की बघा, औषध क्लोझापिन असेल तर दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडल्यावर जुना डोस आपल्या मनाने परत सुरू करायचा नाही, डॉक्टर अगदी कमीपासून चढवतात. झोप पूर्ण उडाली, पाणी पण बंद केलं, किंवा स्वतःला-दुसऱ्याला इजा करण्याची भाषा आली तर वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. फवारणीचं औषध पिऊन आलेले पेशंट आमच्याकडे नेहमीचेच. विषावरचं ॲट्रोपिन, सक्शन, रेफर करणं सगळं येतं, पण शुद्धीवर आलेल्या माणसाशी बोलायचं काय ते येत नाही. 'परत मरावंसं वाटतं का' असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होतं असं सिनियर सांगतात. खरं आहे का?

नाही. हे अजिबात खरं नाही आणि तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न पडणं हीच सुरुवात आहे. विचारल्याने विचार येत नाही, आधीच असलेला विचार बोलायला जागा मिळते. एवढे दिवस जे कोणापाशी बोलता आलं नाही ते कोणीतरी सरळ विचारलं याने माणूस हलका होतो, कितीतरी वेळा रडायलाच लागतो, रडू द्या.

पण कसं विचारायचं याला महत्त्व आहे. आपण काय विचारतो? 'आता असं काही वेडंवाकडं मनात नाही ना?' यात उत्तर आपणच देऊन टाकलं, त्याला फक्त 'नाही' म्हणून मान हलवायची उरते. त्यापेक्षा 'अजून जीव द्यावासा वाटतो का?' हे सरळ शब्द वापरा. 'वाचलात त्याचं आता काय वाटतंय?' हा पण चांगला प्रश्न आहे. 'वाचलो ते वाईट झालं' असं कोणी म्हणालं तर त्याला एकटं ठेवायचं नाही, डॉक्टरांना लगेच सांगायचं आणि नोट्समध्ये त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहायचे. 'पेशंट उदास' असं लिहून पुढच्या पाळीला काही कळत नाही.

वेळ पण बघावी लागते. ॲट्रोपिन चढलेलं असताना माणूस बरळतो, चादर चिवडतो, तेव्हा काही विचारून उपयोग नाही. पूर्ण भानावर आला की नातेवाइकांना 'पाच मिनिटं बाहेर थांबा, मला यांच्याशी बोलायचंय' असं सांगा, स्टूल ओढून बसा. उभ्याने, हातात फाईल घेऊन, दाराकडे बघत विचारलं तर कोणीच खरं सांगत नाही.

आणि एक बोलते, वाईट वाटून घेऊ नका. आपल्या वॉर्डांमध्ये या पेशंटला सगळे ओरडतात. 'पोरंबाळं दिसली नाहीत का', 'एवढे खरे आजारी लोक कॉटसाठी थांबलेत'. मी पण पहिल्या दोन-तीन वर्षांत असं बोललेय, एका बाईने त्यावर भिंतीकडे तोंड केलं आणि डिस्चार्जपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही, मला अजून तिची पाठ दिसते. ती बाई नंतर कशी राहिली मला माहीत नाही.

कायद्याचं भय पण असतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला भरून शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, पोलीस जबाब घेतात, ते वेगळं. घरच्यांना हे समजावलं की 'चुकून प्याला' हे खोटं सांगायची गरज राहत नाही.

डिस्चार्जच्या आधी घरच्यांपैकी एकाला बाजूला घेऊन विचारा की फवारणीच्या औषधाचे डबे घरात कुठे आहेत. बहुतेक खाटेखाली नाहीतर माळ्यावर असतात. ते कुलपात जाऊ द्या आणि किल्ली पेशंटकडे नको, किंवा घरात ठेवूच नका. घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, त्यामुळे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमची तारीख हातात देऊनच पाठवा, त्या टीममध्ये नर्सचं पद असतं, तिच्याशी ओळख करून घ्या. तुमच्या भागात शेतकऱ्यांना मानसिक आधार देणारा सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, गावच्या आशाताईला कळवा. आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हे वाचणाऱ्या कोणालाही स्वतःसाठी लागला तर तोच नंबर.

प्रश्न : वडिलांना दारू सोडवायला एका केंद्रात ठेवलं. तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर दोन्ही हात कॉटला बांधलेले, मनगटावर वळ. 'रात्री स्टाफ कमी असतो' म्हणाले. हे नॉर्मल आहे का? – सोलापूर

नाही. वर सांगितलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९७ वाचा. लगेच इजा होणार असेल आणि दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हाच, सायकियाट्रिस्टच्या परवानगीने, गरजेपुरता वेळ बांधता येतं. का, कसं, किती वेळ हे फाईलमध्ये तेव्हाच लिहावं लागतं आणि पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला, २४ तासांत कळवावं लागतं. शिक्षा म्हणून बांधायचं नाही, आणि स्टाफ कमी आहे हे कारण चालत नाही असं कायद्यातच लिहिलंय. साखळीला तर पूर्ण बंदी आहे.

दारू अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहीजणांना भास होतात, अंगावर किडे दिसतात, थरथर, ताप, फिट येते. ही मेडिकल इमर्जन्सी आहे, त्याला दोरी नाही, औषधं, थायमिन हे जीवनसत्त्व, सलाईन आणि शेजारी जागं बसलेलं माणूस लागतं. बांधावंच लागलं तर नर्स मऊ पट्टा वापरते, खाली दोन बोटं जातात का बघते, दर पंधरा मिनिटांनी बोटं गार-निळी पडली का बघते, पाणी, लघवी विचारते, आळीपाळीने हात सोडते, आणि 'काका, तुम्ही हॉस्पिटलात आहात, रात्रीचे दोन वाजलेत' हे कितीही वेळा सांगावं लागलं तरी सांगते. तुम्ही वळांचे फोटो काढा, वडिलांच्या नावाने कागदपत्रांची लेखी मागणी करा, ती मिळणं हा त्यांचा हक्क आहे, आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार द्या. आधी मात्र त्यांना चांगल्या हॉस्पिटलात हलवा.

प्रश्न : मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सायकियाट्रीतच जायचंय. नातेवाईक म्हणतात वेड्यांमध्ये राहून काय शिकणार, नुसतं गोळ्या द्यायच्या आणि बसून राहायचं. मला तिच्या सुरक्षिततेची काळजी वाटते. – एक आई, सांगली

ताई, काळजी बरोबर आहे, पण बहुतेक पेशंट मारकुटे नसतात, घाबरलेले असतात. चिडलेल्या माणसासमोर कसं उभं राहायचं ते शिकवतात, हातभर लांब, जरा तिरकं, हात दिसतील असे, दार आपल्या पाठीशी मोकळं, गळ्यात आयकार्डची दोरी किंवा ओढणी नाही, आवाज त्याच्यापेक्षा खाली. पेशंटला कानात आवाज येतात तेव्हा 'असं काही नसतं' म्हणायचं नाही आणि हो ला हो पण करायचं नाही, 'मला तो आवाज येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि त्रास होतोय ते दिसतंय' असं म्हणायचं, आणि तो आवाज काही करायला सांगतोय का हे नक्की विचारायचं, कारण धोका तिथे असतो. कॉलेजात प्रोसेस रेकॉर्डिंग करून घेतात, म्हणजे पेशंट काय बोलला, मी काय बोलले, तेव्हा मला काय वाटलं, हे शब्दाला शब्द लिहायचं आणि मॅडमसमोर वाचायचं. मुलीला विचारा, तिने केलं असेल.

आता 'बसून राहायचं' याबद्दल. आमच्याकडे एक शिक्षक होते, डिप्रेशनने बोलणंच बंद झालेलं. आमची एक स्टुडंट रोज दुपारी दहा मिनिटं त्यांच्या कॉटशेजारी बसायची, 'मी दहा मिनिटं बसणार आहे सर, बोललंच पाहिजे असं नाही' एवढं सांगून. औषधं सुरू होतीच. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी ते म्हणाले, 'तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे.' ती पळत माझ्याकडे आली, आम्ही दोघींनी तो शब्दन् शब्द फाईलमध्ये लिहिला, कारण त्या एका वाक्यात कळत होतं की ते बघतायत, वेळ मोजतायत, तिची वाट पण बघत असतील.

बीएस्सीनंतर एक वर्षाचा सायकियाट्रिक नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, अनुभवानंतर दोन वर्षांचं एमएस्सी, बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पण जाता येतं. आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे, शिवाय मेडिकल कॉलेजांचे वॉर्ड आणि जिल्ह्याच्या टीम. पगाराला इतर नर्सपेक्षा फार फरक नसतो हे आधीच सांगते. तिला नक्की करायचं असेल तर आधी एक रात्रपाळी सिनियरबरोबर करू दे, आणि मला विचारायचं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर तिचं तिने पत्र लिहावं, मी उत्तर देईन.