लव्हबर्डला जुलाब की द्राक्षं जास्त झाली? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमच्याकडे लव्हबर्डची जोडी आहे. परवा तासगावच्या पाव्हण्यांनी द्राक्षाची पेटी आणली, मुलांनी पिंजऱ्यातपण घातली. कालपासून ट्रेमधला पेपर सगळा ओला होतोय. पक्षी तसे मजेत आहेत, ओरडतात, भांडतात. दुकानदार म्हणतो जुलाब झालेत, माणसाची जुलाब थांबवायची गोळी कुटून चिमूटभर पाण्यात टाका. टाकू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नका टाकू. तुमच्याकडे जे आहेत ते बजरीगर असणार, आपल्याकडे त्यालाच लव्हबर्ड म्हणायची पद्धत आहे, चालायचंच. पण हा पक्षी वजनाला असतो ३०-४० ग्रॅम आणि ती गोळी बनवलीय ५०-६० किलोच्या माणसासाठी, त्यात तुमची चिमूट केवढी आणि दुकानदाराची केवढी.

आता पेपर बघा. नीट, चष्मा लावून बघा, हसू नका, मी रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन हेच करते आणि घरचे नाक मुरडतात. पक्ष्याला आपल्यासारखी शी-शूची वेगळी वाट नसते, सगळं एकाच वाटेनं बाहेर येतं, म्हणून एका थेंबात तीन गोष्टी दिसतात. एक हिरवी किंवा तपकिरी वळी, ती खरी शी. तिच्यावर किंवा शेजारी पांढरा खडूसारखा भाग, तो किडनीतून येतो. आणि भोवती पाण्याचं कडं, ती लघवी. या तिघांपैकी नेमकं काय बदललंय ते आधी ठरवायचं. वळी वळीसारखीच आहे आणि फक्त पाण्याचं कडं मोठं झालंय, तर तो जुलाब नाहीच, पोटात पाणी जास्त गेलंय एवढंच. द्राक्ष म्हणजे पाणीच की. काकडी, कलिंगड घातलं तरी असंच होतं. खारं भडंग घालणारेपण आहेत आपल्याकडे, सांगलीत राहून भडंग कोण नाही खाणार, पण पक्ष्याला ते मीठ झेपत नाही, तो पाणी पीत बसतो आणि पेपर भिजतो. वळीच मोडून सगळा चिखल झाला असेल, मागची पिसं चिकटलेली असतील, तर मात्र जुलाब.

तर असं करा, एक दिवस फळ, पालेभाजी बंद, फक्त राळं-बाजरी आणि स्वच्छ पाणी, आणि ट्रेमध्ये मुलांच्या जुन्या वहीची कोरी पानं. छापील पेपरवर रंग कळत नाही, आणि भुसा घालणाऱ्यांना तर काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत पेपर कोरडा व्हायला लागला तर द्राक्षच होतं. नाही झाला, किंवा पक्षी गप्प बसायला लागला, तर डॉक्टर. पुढं द्राक्ष घालायचंच तर फवारणीचा विचार करून चांगलं धुऊन, एका पक्ष्याला अर्धा मणी, तेही रोज नको.

आणि हो, बीट खाऊन लाल शी झाली म्हणून रात्री अकराला फोन करणारे लोक मला माहितेत. आधी काय खाल्लंय ते आठवा. बीट, डाळिंब घातलेलं नसताना लाल दिसलं, किंवा डांबरासारखं काळं आलं, तर मात्र ते रक्त असू शकतं, तिथं एक दिवसपण थांबू नका.

प्रश्न : कॉकटेल (तुरेवाला छोटा पोपट) आहे, ३ वर्षांचा. चार दिवस झाले शीमधला पांढरा भाग पिवळा येतोय. पिसं फुगवून बसतो, दिवसापण झोपतो. खातोय मात्र, वाटी भरलेली असते आणि दाणे फोडल्याचा आवाज येतो. आईनं पाण्यात हळद घातलीय. इथले डॉक्टर म्हणाले मी फक्त गाई-म्हशी बघतो. काय करू?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : दादा, हे पत्र वाचून मला काळजी वाटली, म्हणून सरळ लिहिते.

आधी ते हळदीचं पाणी ओता. आईंचा हेतू चांगला आहे, पण हळदीनं ट्रेमधलं सगळंच पिवळं दिसणार आणि आपल्याला बघायचंय नेमकं तेच. साधं पाणी द्या. पांढरा भाग तरीही पिवळा किंवा हिरवट आला तर लिव्हरचा त्रास असू शकतो. पोपटवर्गातल्या पक्ष्यांना सिटॅकोसिस नावाचा जंतूचा आजार होतो त्यातही असंच दिसतं, आणि तो माणसालापण लागतो, वाळलेल्या शीच्या धुळीतून. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला. म्हणून ट्रे कोरडा झाडू नका, पाणी शिंपडून पेपर ओला करा, गुंडाळून टाका, तोंडाला मास्क. घरात कुणाला असा ताप आला तर आपल्या डॉक्टरांना पक्षी आहे हे सांगायचं, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

आता ती भरलेली वाटी. वाटीवर फुंकर मारा. वरची फोलपटं उडून खाली दाणे किती राहतात बघा. आजारी पक्षी नुसता दाणा चोचीत घोळवतो, फोडतो आणि टाकतो, आवाज येतो म्हणून आपण निवांत. उलटंपण होतं, वर फोलपटं साचून वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी. माझा पहिला कॉकटेल असाच गेला. मी वाटी बघत राहिले, पेपर बघितलाच नाही, त्याच्यावर दोन दिवस बारीक काळपट हिरवे डाग होते, म्हणजे पोटात काही जातच नव्हतं, नुसतं पित्त बाहेर येत होतं. हातात घेतला तेव्हा छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं. पक्षी शेवटपर्यंत आजार लपवतो, जंगलात आजारी दिसला की शिकारी तोच उचलणार ना, त्यामुळं तुमचा चार दिवस फुगून बसलाय म्हणजे दुखणं त्याच्या आधीचं आहे.

किचनचा डिजिटल काटा असेल तर रोज सकाळी वजन घ्या. कॉकटेल साधारण ८० ते १०० ग्रॅम. नेहमीपेक्षा ८-१० ग्रॅम कमी म्हणजे आपलं ६-७ किलो उतरल्यासारखं झालं.

डॉक्टरांचं म्हणाल तर साताऱ्याहून शिरवळ लांब नाही, तिथं सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, आधी फोन करून पक्षी बघतील का ते विचारा, नाहीतर पुढं पुण्यात पक्ष्यांचे डॉक्टर आहेत. पण आज-उद्यातच जा. जाताना पिंजऱ्यात कोरा कागद घाला आणि घरातल्या शीचे फोटो उजेडात काढून ठेवा, कारण प्रवासात घाबरून पक्षी पातळच करतो आणि त्यावरून डॉक्टरांना काही कळणार नाही. ताजी शी न्यायची तर प्लास्टिकच्या डबीत न्या, कापसावर नको, सगळं शोषून घेतो. तोपर्यंत ऊब द्या, पिंजऱ्याला तीन बाजूंनी चादर आणि एका बाजूला बाहेरून ४० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब, म्हणजे गरम झालं तर त्याला दुसरीकडं सरकता येईल.

मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाण्यात घालू नका. आजारी पक्षी पाणीच कमी पितो, डोस जाणार कुठून? आणि सिटॅकोसिस निघाला तर औषध साधारण ४५ दिवस चालतं, तीन दिवसांनी पक्षी ओरडायला लागला म्हणून बंद केलं की परत पहिले पाढे पंचावन्न.

प्रश्न : बजरीगरची मादी मडक्यात अंड्यावर बसलीय. दिवसातून दोन-तीनदाच शी करते पण केवढी मोठी, आणि वास येतो. आजारी आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नाही हो ताई. एरवी बजरीगर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक थेंब टाकतो, ही अंडी सोडून उठायला नको म्हणून साठवून ठेवते आणि बाहेर आली की एकदम ढीग. पिल्लं मोठी झाली की आपोआप नेहमीसारखं होईल. समुद्रफेस (कॅल्शियमसाठी चोचीनं खरवडायला देतात ते पांढरं) मात्र पिंजऱ्यात असू द्या. फक्त अंडं घालायच्या दिवसांत ती खाली जमिनीवर बसून शेपूट वरखाली हलवत कुंथतेय आणि शी अजिबात होत नाही असं दिसलं, तर अंडं अडकलंय, मग मला लिहीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.