वाचकांचे प्रश्न : शाळेची इमारत, निधी आणि नियोजन

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या चारपैकी दोन खोल्या पावसाळ्यात गळतात. समितीने वारंवार अर्ज दिले. दर वेळी ‘सध्या निधी नाही’ एवढेच तोंडी उत्तर मिळते. अर्ज नेमका कोणाकडे आणि केव्हा करावा?
– एका शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा

उत्तर : ‘निधी नाही’ असे सांगणारा कर्मचारी सहसा खोटे बोलत नसतो. आपला अर्ज पोहोचतो तोवर त्या वर्षाची कामे ठरून गेलेली असतात, एवढाच त्याचा अर्थ. गळती जून-जुलैत दिसते आणि अर्जही तेव्हाच लिहिला जातो. जिल्हा वार्षिक योजनेच्या प्रारूपाची जुळवाजुळव मात्र आदल्या हिवाळ्यातच सुरू झालेली असते. त्यामुळे कोणाकडे जावे यापेक्षा कोणता कागद घेऊन आणि कोणत्या महिन्यात जावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

पहिला कागद शाळा विकास आराखड्याचा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २२ नुसार हा आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे, आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने करावयाच्या योजना व द्यावयाची अनुदाने यांना तोच आधार राहील, असे त्याच कलमात म्हटले आहे. अनेक शाळांत हा आराखडा मागच्या वर्षीच्या प्रतीवरून उतरवला जातो आणि कपाटात जातो. आपल्या शाळेतील प्रत आधी मागवून वाचावी. त्यात त्या दोन खोल्यांचा उल्लेख नसेल, तर आपले अर्ज कायद्याच्या दृष्टीने अधांतरी आहेत.

दुसरा कागद यू-डायस प्लसच्या, म्हणजे शाळांची माहिती दरवर्षी गोळा करणाऱ्या सरकारी ऑनलाइन प्रणालीच्या, माहितीचा. ३० सप्टेंबर ही या माहितीची संदर्भ तारीख असते. प्रत्येक वर्गखोली चांगली आहे, किरकोळ दुरुस्तीची आहे की मोठ्या दुरुस्तीची, हे मुख्याध्यापकांना त्यात नोंदवावे लागते. खोली गळत असूनही नोंद ‘चांगली’ अशी असेल, तर वरच्या कार्यालयांच्या तक्त्यात आपली गरज उमटतच नाही. समग्र शिक्षा योजनेचे वार्षिक नियोजन याच माहितीवर उभे राहते. २०१८-१९ पासून राबवल्या जाणाऱ्या या योजनेत केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असा आहे आणि आपल्याकडे तिची अंमलबजावणी महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत होते. मुख्याध्यापकांनी भरलेल्या माहितीची मुद्रित प्रत समितीच्या बैठकीत वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. त्यात कोणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. एकट्याने घाईघाईत भरलेल्या तक्त्यात चुका राहतातच.

हे दोन्ही कागद जुळले, की पंचायत समिती स्तरावरील बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याकडून खोल्यांची पाहणी आणि प्रचलित दरसूचीनुसार अंदाजपत्रक मिळवावे. अंदाजपत्रक जोडलेली मागणी आणि नुसता अर्ज यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, कारण निधी शिल्लक राहिला तर तो तयार अंदाजपत्रकाच्या कामांकडेच वळवता येतो. संपूर्ण प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पोहोचावा आणि आवक क्रमांकाची पोच जपून ठेवावी. जिल्हा वार्षिक योजनेला मंजुरी देणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात व जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. या योजनेतून शाळांच्या विशेष दुरुस्तीसाठी आणि नव्या वर्गखोल्यांसाठी वेगवेगळा निधी मिळतो, म्हणून प्रस्ताव दुरुस्तीचा आहे की नव्या बांधकामाचा, हे शीर्षकातच स्पष्ट असावे. ‘दुरुस्ती अथवा नवीन खोली’ अशी मोघम मागणी दोन्हीकडून परत येते.

ग्रामपंचायतीलाही विसरू नये. तिला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतील काही भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधील असतो; पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात तो ६० टक्के होता. छतासाठी हा बांधील पैसा वापरता येत नाही, परंतु स्वच्छतागृहे, पाण्याची टाकी व नळजोडणी ही कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घेतली, तर जिल्हा परिषदेकडे केवळ छताचीच मागणी उरते आणि अंदाजपत्रकाचा आकडाही आवाक्यात राहतो. हा आराखडा करण्याची मोहीम साधारणपणे २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्या ग्रामसभेला समितीच्या सदस्यांनी, विशेषतः महिला सदस्यांनी, उपस्थित राहून विषय इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

प्रश्न : शाळेची एक जुनी खोली पूर्ण मोडकळीस आली आहे. ग्रामस्थ वर्गणी काढून ती पाडायला आणि त्याच जागी नवी बांधायला तयार आहेत. परवानगीची वाट पाहत बसावे काय?
– एक सेवानिवृत्त शिक्षक

उत्तर : खोलीचा वापर आजच बंद करावा, त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. दार बंद करून, सभोवती अडसर घालून, मुलांना तिच्या आसपासही जाऊ देऊ नये. अहमदनगर (आता अहिल्यानगर) तालुक्यातील निंबोडी येथे ऑगस्ट २०१७ मध्ये पावसात शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी दगावले. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात शाळेची इमारत कोसळून सात मुलांचा जीव गेला. या घटना माहीत असताना मोडकळीस आलेल्या खोलीत ‘फक्त परीक्षेपुरते’ वर्ग बसवणे अक्षम्य आहे.

पाडण्याचा विषय मात्र निराळा आहे. इमारत जिल्हा परिषदेची मालमत्ता असल्याने तिचे रीतसर निर्लेखन व्हावे लागते, म्हणजे दप्तरातून तिची नोंद कमी करावी लागते. समितीचा व ग्रामपंचायतीचा ठराव, अभियंत्याचा इमारत वापरास अयोग्य असल्याचा दाखला आणि जिल्हा परिषदेची मंजुरी या क्रमाने हे काम चालते. निघालेल्या लाकूड, कौले, पत्रे अशा साहित्याचा लिलाव होतो. ही प्रक्रिया कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये. निर्लेखन न झालेली खोली दप्तरी अस्तित्वात असते आणि ती असेपर्यंत ‘खोल्या पुरेशा आहेत’ असा शेरा नव्या खोलीच्या प्रस्तावावर पडू शकतो.

वर्गणी गोळा करण्यापूर्वी जागेच्या मालकीचा उतारा पाहावा. पूर्वी गावातील दानशूर माणसांनी तोंडी दिलेल्या जागांवर अनेक शाळा उभ्या राहिल्या आणि ती जागा आजही मूळ मालकाच्या वारसांच्या नावावर आढळते. असे असेल तर बक्षीसपत्राचे काम आधी उरकावे. त्यानंतर वर्गणीतून बांधायचेच असेल, तर नकाशा जिल्हा परिषदेच्या अभियंत्याकडून मंजूर करून घ्यावा. हौसेने बांधलेल्या खोलीत पुरेसा खोल पाया आणि छतावरील पाण्याचा निचरा याच दोन गोष्टी हमखास राहून जातात.

प्रश्न : शाळेला मिळणारे संयुक्त अनुदान रंगरंगोटीत संपते. ते छताच्या दुरुस्तीसाठी वापरता येईल काय?
– एक पालक

उत्तर : किरकोळ दुरुस्तीसाठी वापरता येते, परंतु रक्कम तुटपुंजी असते. समग्र शिक्षेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० आणि १०१ ते २५० पटाला ५०,००० रुपये अशी तरतूद आहे, आणि त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. वीजबिल, खडू, प्रयोगसाहित्य हेही यातूनच भागवायचे असते. तरीही फुटलेली कौले बदलणे, पन्हाळी साफ करून बसवणे, भेगा भरणे एवढे मे महिन्यात उरकता येते आणि तेवढ्यानेही पुष्कळ गळती थांबते. बोलक्या भिंतींना आमचा विरोध नाही. ओल आलेल्या भिंतीवरचे बाराखडीचे चित्र दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही, एवढेच निदर्शनास आणतो. खर्चाचा क्रम समितीच्या ठरावाने ठरवता येतो.

प्रश्न : एक कंपनी सामाजिक दायित्व निधीतून (सीएसआर) आमच्या शाळेला दोन खोल्या बांधून देण्यास तयार आहे. काय काळजी घ्यावी?
– एक सरपंच

उत्तर : कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते आणि त्यात शिक्षणाचा समावेश आहे. करार मात्र ग्रामपंचायतीने परस्पर करू नये. इमारत ज्यांच्या ताब्यात राहणार, त्या जिल्हा परिषदेशी तो व्हावा. आपल्याला खोल्याच हव्यात काय, हेही आधी तपासावे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, अडथळाविरहित प्रवेश, पिण्याचे पाणी, स्वयंपाकगृह, क्रीडांगण व कुंपण अशी यादी आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत दोन धड खोल्या असतील, तर नव्या खोल्यांपेक्षा मुलींचे स्वच्छतागृह आणि उताराचा रस्ता (रॅम्प) यांची निकड अधिक असते, आणि बहुतेक कंपन्या असा बदल स्वीकारतात. कंपनीच्या नावाचा फलक लहान राहतो, इतकीच अडचण.

करारात दोन कलमे आवर्जून घालावीत. काम जिल्हा परिषदेच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली व्हावे, हे पहिले. हस्तांतरणानंतर ठरावीक काळ दोषदुरुस्तीची जबाबदारी कंत्राटदाराची राहावी आणि त्या काळात किमान एक संपूर्ण पावसाळा यावा, हे दुसरे. त्या पावसाळ्यात छत किंवा भिंत पाझरल्यास मुख्याध्यापकांनी तारखेच्या छायाचित्रांसह लेखी कळवावे, म्हणजे कंत्राटदाराची अनामत रक्कम रोखून धरता येते.