घन पाणी, दाट पाणी की जड पाणी?

प्रश्न असा आला आहे: "अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ तयार होऊन समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या पाण्याला इंग्रजीत 'डेन्स वॉटर' म्हणतात. मराठी लेखात घन पाणी लिहू, दाट पाणी की जड पाणी? आणि 'व्हेंटिलेशन'चं काय करू?"

'घन' नकोच. 'घनता' ठीक आहे, पण नुसतं 'घन' म्हटलं की मराठी माणसाला घट्ट, गोठलेलं काहीतरी दिसतं. घनकचरा हा रोजचा शब्द. घन पाणी म्हणजे बर्फ, असंच वाचलं जाणार. इथे तर बर्फ वर तरंगतो आणि त्याच्याखालचं पाणी तळ गाठतं. वाचक नेमका उलटा समज करून घेईल.

'दाट'ची परीक्षा त्याच्या विरुद्धार्थी शब्दाने करावी. दाटच्या उलट पातळ: वरण दाट, ताक पातळ. अंटार्क्टिकाचं हे पाणी इतर समुद्राच्या पाण्याइतकंच पातळ असतं. त्याचा गुण वजनाचा आहे, आणि वजनाची जोडी जड-हलकं हीच.

ते जड कसं होतं हे पाहिलं की शब्द आपोआप पटतो. समुद्राचं पाणी उणे 1.9 अंशांच्या आसपास गोठतं. गोठताना बर्फ मिठाला आत फारसं घेत नाही, बहुतेक मीठ खालच्या पाण्यात उतरतं. मिठागरात पाणी उडून जातं आणि मागे उरलेलं पाणी खारट होत जातं, तसंच हे. फक्त इथे काम उन्हाचं नाही, थंडीचं. खंडावरून सुटणारा वारा नवा बर्फ समुद्रात ढकलतो, मोकळ्या जागी पुन्हा बर्फ धरतो, पुन्हा मीठ उतरतं. असं पाणी वेडेल समुद्रात, रॉस समुद्रात आणि अडेली किनाऱ्याला तयार होतं. केप डार्नली ही चौथी जागा 2013 मध्ये जगापुढे आली. आपलं 'भारती' संशोधन केंद्र त्याच बाजूला, प्रिड्झ उपसागराच्या काठावर आहे.

फरक किती? उबदार अरबी समुद्राच्या वरच्या पाण्यापेक्षा लीटरमागे सुमारे पाच ग्रॅम. म्हणजे चमचाभर मिठाइतकं वजन. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा तर हे त्याहूनही थोडंच जड असतं, तरी उतारावरून घरंगळत चार हजार मीटरच्या खाली जातं!

मला सर्वात आनंद देणारी गोष्ट पुढेच आहे. संस्कृतात 'जड'चा एक जुना अर्थ थंड, गारठून बधिर झालेलं असा आहे. सरस्वतीवंदनेतलं 'जाड्य' म्हणजे बुद्धीचं तेच बधिरपण. थंडीने जड झालेलं पाणी म्हणताना शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. असा योग क्वचित येतो.

अडचण एकच. 'जड पाणी' ही जोडी आधीच दोन ठिकाणी गुंतलेली आहे. अलिबागजवळ थळला तयार होतं ते अणुभट्टीचं जड पाणी वेगळं, आणि ज्यात डाळ शिजत नाही ते विहिरीचं जड पाणी वेगळं. म्हणून मी नाम म्हणून 'तळपाणी' घेईन (तळघरासारखंच), आणि 'जड' क्रियापदाबरोबर वापरेन: पाणी जड होतं, जड झालेलं पाणी.

'व्हेंटिलेशन'साठी 'वायुवीजन' लिहू नका, ते वाचून खिडकी आणि पंखा आठवतो. तळपाणी बुडताना पृष्ठभागावरचा प्राणवायू सोबत नेतं. 'तळाला प्राणवायू पोचणं' एवढंच म्हणावं. हा शब्द आपल्या दाराशीही लागतो. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू फारच कमी आहे. त्याखाली तो पुन्हा वाढत जातो, कारण खाली दक्षिणेकडून आलेलं थंड पाणी असतं आणि त्यात अंटार्क्टिकाच्या तळपाण्याचा वाटा असतो. तळाच्या चिखलातल्या समुद्रकाकड्या आणि कृमी याच प्राणवायूवर जगतात. खोल समुद्रातल्या काही ऑक्टोपसांचे पूर्वज तर अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातून अशा प्रवाहांच्या वाटेने पसरले, असं त्यांच्या जनुकांवरून दिसतं. काळोखात उपयोग नाही म्हणून त्यांची शाईची पिशवीही गेली.

तुमच्या लेखात हे शब्द वापरून मी असं वाक्य लिहीन: "हिमनद्यांचं गोडं पाणी मिसळल्याने किनाऱ्याचं पाणी हलकं राहतं, पुरेसं जड होत नाही, मग तळपाणी कमी तयार होतं आणि तळाच्या जिवांना प्राणवायू कमी पोचतो."