छातीकडे वळणारे हात

मेंदूला मार लागून बेशुद्ध असलेल्या रुग्णाचे नातेवाईक अतिदक्षता विभागाबाहेर मला बहुधा एकच गोष्ट विचारतात : त्यांनी हात हलवला, म्हणजे ते शुद्धीवर येत आहेत ना? दुचाकीच्या अपघातात जखमी झालेल्या एका गृहस्थांच्या पत्नीचाही हाच प्रश्न होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) परिचारिका नळीतून कफ ओढू लागली, की पतीचे कोपर दुमडत, मुठी आवळून हात छातीकडे येत आणि पाय ताठ होत. ते आपल्याला जवळ घेऊ पाहत आहेत, असे त्यांना वाटे. दिराला धनुर्वाताची शंका होती. धनुर्वातात रुग्ण सहसा शुद्धीवर असतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर ती शंका मिटली. पत्नीची आशा मात्र इतक्या सहज बाजूला सारण्यासारखी नव्हती.

"ताई, हे हात ते स्वतःहून हलवत नाहीत," एवढे सांगून मी थांबले. मोठ्या मेंदूचा ताबा सुटला, की खालची केंद्रे स्नायूंना परस्पर आखडवतात आणि वेदनेच्या स्पर्शाने ते अधिक होते. बेशुद्धी किती खोल आहे हे मोजणाऱ्या, 1974 पासून वापरात असलेल्या ग्लासगो मोजपट्टीत हालचालीला जास्तीत जास्त 6 गुण असतात. सूचना ऐकून हात हलवला तरच ते मिळतात. असे हात दुमडण्याला 3, तर हात सरळ ताठ होऊन तळवे बाहेर वळण्याला 2 गुण देतात, कारण तेव्हा इजा बहुधा मेंदूस्तंभापर्यंत, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागापर्यंत, पोहोचलेली असते.

"म्हणजे सगळं संपलं का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. एकट्या या लक्षणावरून तसे म्हणता येत नाही. मेंदूची सूज, प्राणवायूची कमतरता, कधी रक्तातील साखर फार उतरणे, यांमुळेही अशी ठेवण दिसते आणि कारणावर वेळेत उपचार झाले तर काही रुग्ण सुधारतात. ते सुधारतीलच, असे आश्वासन मी दिले नाही. दुखत असेल का, याबद्दल मात्र डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण ही ठेवण वेदना जाणवल्याचा पुरावा नसली, तरी वेदनेची काळजी घ्यायलाच हवी.

घरचे लोक प्रत्येक भेटीत "बघू या" म्हणून त्यांना चिमटे काढत होते. ते मी आग्रहाने थांबवले. हात हलकेच धरावा, नाव घेऊन बोलावे. आणि दुमडणारे हात सरळ ताठ होऊ लागले, तर कवटीतील दाब वाढत असू शकतो, म्हणून पुढच्या भेटीची वाट न पाहता परिचारिकेला त्याच क्षणी सांगावे.