अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत वायफायची रेंज येत नाही. राउटरला डायरेक्शनल अँटेना लावून फरक पडेल का?

लातुरात जुन्या वाड्यात अभ्यासिका, राउटर पुढे काउंटरवर, मागची खोली दोन फुटी दगडी भिंतीपलीकडे, आणि दुकानदार १४ डीबीआयचा पॅनल अँटेना (एकाच दिशेला सिग्नल फेकणारा चपटा अँटेना; डीबीआय म्हणजे तो सिग्नल किती एकवटतो त्याचं माप) घ्या म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. मी लातूर-धाराशिव भागात नेटवर्किंगची कामं करतो. माझं ऐकाल तर घेऊ नका.

अँटेना पॉवर वाढवत नाही. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी तेवढंच राहतं, धार लांब जाते, तसंच हे. गच्चीवरून समोरच्या गच्चीवर नेट न्यायचं असेल तर १४ चा आकडा बऱ्यापैकी खरा उतरतो. घरात मात्र सिग्नल स्लॅबवर, फरशीवर, लोखंडी कपाटावर आपटत चहूबाजूंनी मोबाइलपर्यंत येतो. मध्ये दगडी भिंत असली की सरळ वाट जवळजवळ बंदच. पोचतो तो बहुतेक दारातून, आडवाटांनी. पॅनलची धार तीसेक अंशांची. यातल्या बऱ्याच वाटा तिच्या बाहेर राहतात, मग १४ चे १४ हाती कुठले लागायला? वर काउंटरच्या बाजूच्या मुलांची रेंज कमी होईल ती वेगळीच.

दुकानदार मोबाइल हातात धरून वाढलेल्या काड्या दाखवेल. त्यावर जाऊ नका. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते. खोलीत मोबाइल चार बोटं सरकवला तरी काड्या वर-खाली होतात. आणि राउटरच्या तीन अँटेनांपैकी एकच काढून तिथे पॅनल लावला तर बाकीच्या दोघांशी त्याचा मेळ बसत नाही.

लांब बोळ असेल, या टोकावरून ते टोक दिसत असेल, तर पॅनल छान चालतो. शेजारच्या क्लासेसच्या राउटरांची गर्दी असेल तर त्यांच्याकडे पॅनलची पाठ करता येते, हाही फायदा आहे. तुमची अडचण भिंतीची आहे.

राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ केबल (नेटवर्कची वायर) ओढा, १०० मीटरपर्यंत काळजी नाही. मागच्या खोलीत छताजवळ साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलमधून आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा, बसवा. पुढचा राउटर चॅनल १ वर असेल तर हा ६ किंवा ११ वर ठेवा, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांत मिसळणार नाहीत. भिंतीला भोक पाडत बसू नका, दाराच्या चौकटीच्या कडेने पट्टी मारून केबल न्या.