मोठ्या भावाने व्याजाने पैसे उचललेत, फेडण्यासाठी मी पर्सनल लोन काढू का?

तुम्ही लिहिलंय की भावाने गावात महिन्याला शेकडा 5 आणि 10 ने पैसे उचललेत, सावकार घरी येतोय, आणि आई म्हणते, तू नोकरीवाला, लोन काढ आणि त्याला मोकळं कर.

आत्ताच नका काढू. मी काढलं होतं.

आम्ही चोपडा तालुक्यातले. मी जळगावला एमआयडीसीत कामाला, दादा गावी, कापूस आणि थोडी केळी. दादा म्हणाला, दीड लाखाचं देणं आहे, बस. मी दोन लाख काढून त्याच्या हातात ठेवले. सहा महिन्यांनी सावकार पुन्हा आमच्या ओट्यावर. दादाने माझ्या पैशातून तिघांचं थकलेलं व्याज भरलं, उरले ते सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) उचल म्हणून आगाऊ दिले. मुद्दल जागच्या जागी, आणि माझा हप्ता सुरू. मी ओरडलो तर म्हणे, "आते काय सांगू तुले, भो."

मग एका रविवारी वही घेऊन बसलो. दादा, वहिनी, मी. आईला मुद्दाम मामाकडे पाठवलं, कारण तिच्यासमोर दादा खरं बोलला नसता. कोणाकडून, कधी, किती, महिन्याला व्याज काय, आजवर किती दिलं, बदल्यात काय लिहून दिलं. सात नावं झाली आणि दादा म्हणाला, संपलं. वहिनी उठली, डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीतली पावती काढून वहीवर ठेवली. तिची पोत गहाण होती, महिना 3 टक्क्यांनी. दादा खाली बघत बसला. त्यानंतर आणखी दोन नावं निघाली. एकूण आकडा 4 लाख 60 हजार. म्हणून सांगतो, वहिनींना बसवल्याशिवाय यादी पूरी होत नाही.

वहीत एक गोष्ट लगेच दिसली. सोसायटीचे, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचे, 90 हजार सगळ्यात जास्त दिवस थकलेले. का, तर सोसायटीचा सेक्रेटरी दारात येऊन चारचौघांत शिव्या देत नाही. जो ओरडतो त्याला आधी पैसे, हीच दादाची पद्धत. पण 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. दादा थकबाकीदार झाला, नवीन पीककर्ज बंद झालं, आणि बी-खताला महिना 5 टक्क्यांचे पैसे आले. 5 टक्के ऐकायला लहान वाटतात, पण लाखाला वर्षाचे 60 हजार होतात. वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज जातं आणि लाख रुपये तसेच उभे.

म्हणून आम्ही फेड उलटी केली. घरातलं बाकी सोनं बँकेत ठेवलं, तिथे वर्षाचं व्याज दहाच्या आसपास. त्यातून आधी सोसायटीचं सगळं देणं फेडलं, मग वहिनीची पोत सोडवली. पुढच्या हंगामात पीककर्ज मिळालं. सावकारांना तोवर थांबायला लावलं. थांबतात हो, ओरडतात पण थांबतात.

सावकाराशी बोलायच्या आधी तालुक्याच्या सहायक निबंधक (सहकारी संस्था) कार्यालयात जाऊन या. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, ते तिथे कळतं. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्केच घेता येतात, बाकीच्यांकडून 15 आणि 18. महिन्याला नव्हे, वर्षाला. चक्रवाढ नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त नाही. विनापरवाना धंदा करणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आम्ही तक्रार केली नाही. गाव एक, विहिरीची वाट एक, कोण वैर घेणार? पण दादाने फोनवरून पाठवलेल्या व्याजाचे सगळे स्क्रीनशॉट मी छापून नेले. एका सावकाराच्या दीड लाखाच्या मुद्दलावर दादाने 1 लाख 80 हजार व्याज आधीच भरलं होतं. तो कागद समोर ठेवून, गावातल्या दोन जाणत्या माणसांना बसवून 80 हजारांत मिटवलं. पैसे मी माझ्या हाताने दिले, दादाच्या नाही. पावती घेतली, दादाने सही करून दिलेला स्टॅम्प पेपर तिथेच फाडला. कोरे चेक तीन दिले होते, परत आले दोन. तिसरा "सापडत नाही" म्हणे. पावतीवर त्या चेकचा नंबर आणि व्यवहार मिटल्याचं लिहून घेतलं, शिवाय बँकेतही तो चेक थांबवायचा अर्ज दिला. तेवढ्याने भागत नाही. असा चेक पुढे कोणी टाकलाच आणि वकिलाची नोटीस आली, तर 15 दिवसांच्या आत वकिलाकडे जा, नोटीस कपाटात टाकू नका.

मोबाईल ॲपचं कर्ज निघालं तर वेगळं बघा. फोटो बदलून नातेवाइकांना पाठवायची धमकी आली तर स्क्रीनशॉट ठेवा आणि 1930 ला फोन करा. त्यांच्याशी बोलणी करत बसू नका.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ आहे, "सावकार म्हणतो दोन एकर नावावर करून द्या, पैसे आले की परत करतो." बाकी सगळं नंतर, आधी हे थांबवा. कागदावर ते साधं खरेदीखत असतं, परत करण्याचा शब्द कुठेच नसतो. सावकारीत गेलेली जमीन 15 वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते, पण व्यवहार सावकारीचाच होता हे सिद्ध करायला चपला झिजतात. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर आज त्यांना फोन करा, कुठेही सही करू नका म्हणावं. लोनचं नंतर बघू.