गिअरबॉक्ससाठी बचत मोडायची की गाडीच बदलायची?

तुमच्या पत्रातला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गाडी ऑटोमॅटिक आहे, ९ वर्षांची, ९५ हजार किलोमीटर चाललेली, कर्ज फिटलेलं. रोज कामावर जायला तीच लागते. सकाळी 'डी'मध्ये टाकली की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धक्का देऊन गिअर पडतो. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जातानाही झटका बसतो. एकदा हायवेवर डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर नीट चालली. गॅरेजनं स्कॅनर लावला, 'पी ०७००' हा कोड दाखवला आणि गिअरबॉक्स पूर्ण खोलून ओव्हरहॉल करावा लागेल असं सांगितलं. खर्च चांगल्या स्थितीतल्या अशा गाडीला जी किंमत येते तिच्या ४५ टक्के. तुम्ही विचारता, सहा महिन्यांच्या खर्चाएवढा आपत्कालीन निधी आहे, त्यातला निम्मा मोडून हे काम करावं, की गाडी विकून तिच्या चौपट किमतीची नवी गाडी कर्जावर घ्यावी?

आज यातलं काहीही करू नका. तुम्ही दोन मोठ्या खर्चांची तुलना करताय, पण बिघाड नेमका कुठे आहे हे अजून कुणी शोधलेलंच नाही. आधी थोडे पैसे निदानावर घाला, आणि तेही शक्यतो दुसऱ्या, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करणाऱ्या मेकॅनिककडे.

पी ०७०० हा कोड बिघाडाचं नाव सांगत नाही. गिअरबॉक्सच्या कंप्युटरनं इंजिनच्या कंप्युटरला दिलेला तो निरोप आहे: माझ्याकडे एका चुकीची नोंद आहे, ती मला विचारा. ती नोंद वाचायला गिअरबॉक्सच्या कंप्युटरशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. तिथे पी ०७३० निघाला तर गिअरचं गुणोत्तर जुळत नाहीये, म्हणजे बहुधा आत काहीतरी स्लिप होतंय, पकड सुटून घसरतंय. पी ०७४१ असेल तर संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) लॉक-अप क्लचवर. पी ०७५० आणि त्याच्या आसपासचे कोड शिफ्ट सोलेनॉइडचे, म्हणजे गिअर बदलण्यासाठी ऑइलची वाट उघडझाप करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचे, पी ०७१५ आणि पी ०७२० वेग मोजणाऱ्या सेन्सरचे. सेन्सर बदलणं आणि क्लचप्लेटा बदलणं यांच्या खर्चात कितीतरी पटींचा फरक आहे. कोड हासुद्धा शेवटचा शब्द नसतो, पण शोध कुठून सुरू करायचा ते तो सांगतो. तुमच्या हातातलं कोटेशन त्या शोधाआधीचं आहे.

गाडी एका गिअरमध्ये अडकली ती स्वतःला वाचवण्यासाठी. मिळणाऱ्या माहितीवर भरवसा राहिला नाही की कंप्युटर एकच गिअर धरून ठेवतो. बंद-चालू केल्यावर ती सुधारली याचा अर्थ बिघाड अधूनमधून येतोय. तो आतल्या ऑइलच्या प्रेशरचा असेल किंवा वायरिंगचा, सैल कनेक्टरचा, अगदी अशक्त बॅटरीचाही असू शकतो. झटक्यांचंही तसंच. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग (ज्या रबरी आधारावर ते बसवलेलं असतं तो) फाटलं असेल तरी 'डी'त टाकताना धक्का बसतो, आणि इंजिन मिसफायर होत असेल तरी लोक दोष गिअरबॉक्सलाच देतात.

आता ऑइल, कारण माझा सगळ्यात जास्त संशय तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की ते 'लाइफटाइम' असल्याचं सांगितलं गेलं, म्हणून कधीच बदललं नाही. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी मोठी जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. तुमची गाडी दोन्ही हिशेबांनी तिथवर पोचली आहे. सकाळी 'डी' उशिरा लागणं हे ऑइल कमी असल्याचं किंवा आतले सील कडक झाल्याचं नेहमीचं लक्षण. गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही, म्हणून पातळी खाली असेल तर गळती शोधलीच पाहिजे. पातळी तपासण्याची पद्धत मात्र गाडीच्या मॅन्युअलमधलीच वापरायची. पुष्कळ नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते. खालून एक बोल्ट काढून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना, इंजिन चालू ठेवून पातळी बघतात.

ऑइल बदलायला चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं, खाली उतरवतील तेव्हा तिथे हजर राहा. नवं ऑइल बहुतेक वेळा लालसर, पारदर्शक असतं. तुमचं गडद तपकिरी निघेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वास जळका आहे का ते बघा. दुधाळ गुलाबी दिसलं तर कूलंट किंवा पाणी आत शिरलंय आणि प्रकरण गंभीर आहे. चेंबरच्या तळाशी लहानसं लोहचुंबक असतं, ते मागून घ्या आणि बोटानं पुसून बघा. बोटाला बारीक, मऊ, करडा लेप लागला तर ती नेहमीची झीज. चिमटीत धरता येतील असे धातूचे तुकडे चिकटलेले असतील किंवा ऑइलमध्ये पितळी चकाकणारे कण दिसले, तर आतले भाग खरोखरच गेलेत आणि ओव्हरहॉल सांगणारा माणूस बरोबर आहे. फोटो काढून ठेवा, पुढे विकताना किंवा भाव ठरवताना तो लागेल.

एका वेळी चेंबरमधून सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, त्यामुळे काही वेळा थोड्या अंतरानं पुन्हा बदलावं लागतं. कंपनीनं सांगितलेला ग्रेडच घालायचा. आणि रेस वाढते पण गाडी पळत नाही अशी अवस्था असेल, ऑइल जळकं असेल, तर नुसतं ऑइल बदलून चमत्काराची वाट बघू नका. झिजलेली क्लचप्लेट ऑइलनं भरून येत नाही.

(ज्यांची गाडी सीव्हीटी, ड्युअल क्लच किंवा एएमटी आहे त्यांनी हे जसंच्या तसं घेऊ नये. एएमटी मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, तिथे क्लच आणि अ‍ॅक्च्युएटर आधी बघायचे.)

निदानातून सेन्सर, वायरिंग, माउंटिंग किंवा ऑइल एवढंच निघालं तर प्रश्न संपला, पगारातून भागवा. व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचं प्रेशर हव्या त्या गिअरकडे वळवणारा भाग) किंवा सोलेनॉइड निघाले तर पुष्कळ गाड्यांत ते काम गिअरबॉक्स न उतरवता चेंबरच्या बाजूनं होतं, त्यामुळे मजुरी बरीच वाचते. खरा हिशेब लागतो तो ओव्हरहॉल अटळ ठरला तर.

'दुरुस्ती गाडीच्या निम्म्या किमतीकडे गेली की गाडी विका' हा सल्ला तुम्हाला अनेकांनी दिला असेल. मला तो पटत नाही. तुलना दुरुस्ती आणि गाडीची किंमत यांची नसते. दुरुस्त केलेली गाडी महिन्याला किती खाते आणि तिच्या जागी येणारी किती खाते, यांची असते. चांगल्या स्थितीतली तुमची गाडी १०० मानू. आज बिघाडासकट समजा ४० ला जाईल, म्हणजे ती ठेवली तर ते ४० तुम्ही सोडता, म्हणून तेही खर्चात धरायचे. दुरुस्तीला ४५, पुढच्या तीन वर्षांत इतर कामांना २०, आणि तीन वर्षांनी विकून ५० आले. म्हणजे ४० अधिक ४५ अधिक २०, वजा ५०: एकूण ५५, महिन्याला दीड. नवी गाडी ४०० ची. तीन वर्षांत समजा ४० टक्के उतरली, तर १६० गेले. महिन्याला जवळपास साडेचार, आणि कर्जाचं व्याज वेगळं. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घालून बघा, पण अंतर बहुधा मोठंच राहील.

आता वाईटात वाईट धरू. दुरुस्त केलेला गिअरबॉक्स वर्षभरातच बसला आणि गाडी ३५ ला विकावी लागली. तेव्हा ४० अधिक ४५ अधिक वर्षभराच्या इतर कामांचे ७, वजा ३५: ५७, म्हणजे महिन्याला पावणेपाच. हा भार नव्या गाडीच्या आसपास येतो. थोडक्यात, गिअरबॉक्स एक वर्ष टिकला तर तुम्ही बरोबरीत, त्यापुढचा प्रत्येक महिना तुमच्या फायद्याचा. म्हणून कोटेशन कमी करून घेण्यापेक्षा १२ महिन्यांच्या लेखी हमीसाठी जास्त भांडा, आणि त्या हमीत मजुरीही धरलेली हवी. कोणते भाग बदलणार, टॉर्क कन्व्हर्टर त्यात आहे का, उघडल्यावर जास्त काही निघालं तर खर्चाची कमाल मर्यादा काय, हे लिहून घ्या. ऑइल कूलर धुणार का, हे मुद्दाम विचारा. जुन्या गिअरबॉक्सचा कचरा त्यात राहिला तर नवा बांधलेलाही खराब होतो. भंगारातल्या गाडीचा गिअरबॉक्स स्वस्त पडतो, पण त्याचा इतिहास कुणालाच माहीत नसतो आणि तो गेला तर उतरवण्या-चढवण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागते.

पैसे कुठून आणायचे? कामावर जायला हीच गाडी लागते, म्हणजे हा खर्च आपत्कालीन निधीत बसतो. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण निम्मा निधी एकदम काढू नका. चार महिन्यांचा खर्च हात न लावता ठेवा, दोन महिन्यांचा वापरा, आणि उरलेली रक्कम काही महिने नवी गुंतवणूक थांबवून उभी करा. क्रेडिट कार्डाची थकबाकी करून हे काम करू नका. त्याआधी एक फोन करा: वाढीव वॉरंटी घेतली होती का, आणि तुमच्या चेसिस नंबरवर कंपनीनं गिअरबॉक्ससाठी काही रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) जाहीर केलाय का. साध्या विम्यात झिजेचा खर्च मिळत नाही, तिकडे वेळ घालवू नका. तोवर गाडीवर जड ओझं टाकू नका, आणि स्लिप व्हायला लागली तर थांबवून उचलून न्या.

१२ महिन्यांची हमी कुणीच द्यायला तयार नसेल किंवा चुंबकावर तुकडेच तुकडे निघाले असतील, तर गाडी आहे तशी विका. निदानाचा अहवाल खरेदीदाराला दाखवून विका. ते प्रामाणिकपणाचं तर आहेच, शिवाय बिघाड माहीत नसला की घेणारा सगळ्यात वाईट धरून भाव पाडतो. आलेल्या पैशात चौपट किमतीची नवी गाडी नको. तीन-चार वर्षं वापरलेली, सर्व्हिसच्या नोंदी असलेली गाडी बघा आणि तिच्या गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं हे पहिल्याच भेटीत विचारा.